साठ टक्के पंपिंग

उंदराच्या छातीवरचे केस काढायला बायकांचं क्रीमच लागतं, वस्तऱ्याने जमत नाही. दर महिन्याला मी त्याच्या डझनभर ट्यूबा घ्यायची, तेव्हा मारुती मंदिराजवळचा दुकानदार माझ्याकडे अशा नजरेने बघायचा की शेवटी मी सांगूनच टाकलं, माझ्यासाठी नाहीत, उंदरांसाठी आहेत. त्यानंतर तो माझ्याकडे बघेनासाच झाला. माझं तोंड फटकळ आहे हे मांडवीत सगळ्यांना माहीत आहे, त्याला आता कळलं.

गावाबाहेर डोंगरावर जे फार्मसी कॉलेज आहे, तिथे मी उंदरांची इको काढते. माणसाची काढतात तशीच. उंदराला भुलीचा वास द्यायचा, गरम पाटीवर उताणं झोपवायचं, छातीला जेल लावून प्रोब टेकवायचा. पडद्यावर चिंचोक्याएवढं हृदय उघडमीट करताना दिसतं. प्रत्येक ठोक्याला ते आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं, ते मोजायचं. त्यालाच लोक पंपिंग म्हणतात.

या उंदरांची हृदयं आधी आम्हीच इंजेक्शनं देऊन बिघडवतो, म्हणजे ऐंशीच्या आसपासचं पंपिंग खाली येतं. मग निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी, आणि दर आठवड्याला मोजणी. यावेळचं औषध म्हणजे आपल्याच डोंगरातली एक वेल. तिचं नाव मी सांगणार नाही. आणखी कुणी उकळून प्यायला नको.

सहाव्या आठवड्याला आकडे आले. वेल दिलेल्यांचं पंपिंग साठ टक्के, पाण्यावाल्यांचं चाळीस. ज्यांचं हे संशोधन ते विनीत सर पडद्यासमोर उभे राहून नुसते हसत होते. आणि मी, मोठी शहाणी, ते हसू पदरात बांधून थेट मासळी बाजारात गेले.

कमळाआते तिथे बसते. माझ्या बापाची थोरली बहीण, तीस वर्षं बांगडा नि सुरमई विकत आली. गेल्या वर्षी तिला दम लागायला लागला, आणि इकोत पंपिंग तीस टक्के निघालं. डॉक्टरांनी पाच गोळ्या लावून दिल्या, त्यातली एक लघवीची. ती गोळी घेतली की दर अर्ध्या तासाला उठावं लागतं. बाजारात पाटी लावलेल्या बाईने उठून जायचं कुठे? आते त्या गोळीला इतकी कंटाळली होती की तिचं नाव काढलं तरी शिव्या द्यायची.

"आते," मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आमच्या उंदरांचं पंपिंग चाळिसावरनं साठ झालं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तुझ्या त्या गोळ्यांपेक्षा आमची वेल बरी."

"खरं सांगतेस गो?"

"मी कधी खोटं सांगितलंय?"

आजूबाजूच्या बायका माझ्याकडे मान वर करून बघत होत्या. आमच्या घरात शिकलेली मी पहिली, आणि मला ते फार गोड लागलं, हे कबूल करते. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या मागच्या उतारावरून वेल मीच तोडली नि पिशवीतून तिला नेऊन दिली. गोळ्या बंद कर असं मी म्हणाले नव्हते. पण बंद करू नकोस असंही म्हणाले नाही, आणि ती बंद करणार हे मला कळत होतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी दुपारी दोन वाजता निलेशचा, आमच्या शिपायाचा, निरोप आला की माझी तीन चाळीसची एसटी रद्द झाली आहे. पुढची गाडी सहाला. म्हणजे त्या दिवशी मला घाई नव्हती.

इथे माझी लाज सुरू होते, म्हणून सगळं सरळ सांगते. सरांनी पहिल्या दिवशी बजावलं होतं, दर मोजणीला चिठ्ठ्या काढायच्या, वेलवाले नि पाण्यावाले उंदीर मिसळून घ्यायचे. एक आठवडा काढल्या, मग कंटाळा केला. वेलवाल्यांचे पिंजरे मांडणीच्या वरच्या फळीवर होते, हाताला सोपे, म्हणून सकाळी ते. पाण्यावाले खाली, ते दुपारी. भुलीच्या यंत्राचा काटा दीडवर ठेवायचा असतो. दीडवर उंदीर मधेच मिशा हलवतो, पाय ओढतो, चित्र बिघडतं, पुन्हा सगळं करावं लागतं. दुपारी माझा जीव एसटीत अडकलेला असायचा. मी काटा तीनवर न्यायची. उंदीर गपगार पडायचा, माझं काम झटपट उरकायचं. भूल जास्त झाली की हृदयही मंदावतं, पंपिंग खाली येतं. हे मला शिकवलेलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते.

त्या दुपारी घाई नव्हती म्हणून काटा दीडवरच राहिला. पाण्यावाल्या पहिल्या उंदराचं पंपिंग अठ्ठावन्न आलं. मला वाटलं, पिंजरा चुकला. पिंजऱ्यावरची चिठ्ठी बघितली, चुकला नव्हता. दुसरा साठ. तिसरा एकसष्ट. मग जुनी चित्रं उघडली. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात ठोक्यांचा आकडा असतो. सकाळच्या उंदरांचे साडेतीनशे, दुपारच्यांचे जेमतेम सव्वादोनशे. वेलीने काहीच केलं नव्हतं. जे काही केलं होतं ते माझ्या हाताने.

मी यंत्र बंद केलं, हात धुतले आणि सहाच्या गाडीने घरी गेले. कुणाला काही बोलले नाही. सरांचं पुण्यात भाषण ठरलं होतं, म्हटलं ते होऊन जाऊ दे. आतेला काय सांगू हे सुचेना, म्हटलं चार दिवसांनी बघू. खरं कारण एकच होतं. ज्या बायकांसमोर मी तोऱ्यात बोलले, त्यांच्यासमोर उभं राहायची मला लाज वाटत होती. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी सकाळी आतेला दवाखान्यात नेलं. पाय सुजून टम्म झालेले, छातीत पाणी, आडवं पडलं की श्वास कोंडत होता. मी धावत पोचले तेव्हा तिच्या नाकाला ऑक्सिजन लावला होता आणि डॉक्टर विचारत होते, "आजी, गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"विसरले हो," आते म्हणाली. "म्हातारं डोकं, ध्यानात रायलं नाय."

तिच्या सगळं ध्यानात होतं. तिने मला दारात बघितलं होतं आणि माझं नाव घेतलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुढे झाले आणि डॉक्टरांना सांगितलं की गोळ्या साधारण महिन्यापासून बंद आहेत, माझ्यामुळे, आणि काढा कसला तेही सांगितलं. डॉक्टर माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त वेलीचं नाव लिहून घेतलं.

बाहेर येऊन विनीत सरांना फोन केला. चिठ्ठ्या, काटा, नऊ दिवस, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "उद्या येऊन लिहून द्या." ते मला आजवर अगं-तुगं करायचे.

संध्याकाळी आते जरा सावरली होती. मी खाटेजवळ बसले, तर तीच आधी बोलली. "माझंच चुकलं बाय. मधे दोन दिवस काढा प्यायला नाय जमला. पाटी घेऊन लवकर जायचं होतं. तू एवढी वेल आणून दिलीस नि मी…"

"आते, गप. काढ्यात काही नव्हतं."

मी तिला सांगितलं. उंदरांना भूल जास्त दिली म्हणून आकडे तसे आले, हे तिला समजेल अशा शब्दांत सांगितलं. तिला लगेच समजलं. तिने एकच विचारलं. "तुला कधी कळलं?"

"दहा दिवस झाले."

तिने मनातल्या मनात मोजलं. "परवाच्या रविवारी तू आलीवतीस. माझ्या समोर बसून जेवलीस."

"हो."

"माझ्या पायाची सूज बघितलीस. तेव्हा ठाऊक होतं तुला."

"हो आते."

तिने तोंड भिंतीकडे केलं. मी उठायला लागले तेव्हा तिने न वळता माझा हात घट्ट धरला. माया होती म्हणून नव्हे. तिला काहीतरी आठवलं होतं.

"सखूवन्संना धाडलाय मी तो काढा. बुरोंडीला. त्यांना पण हार्टच्या गोळ्या हायत. फोन लाव."

तिच्या नणंदेचा नंबर तिनेच तोंडपाठ सांगितला. चौथ्या रिंगला फोन उचलला गेला.

"मावशी, मी योगिनी बोलतेय, कमळाआतेची भाची."

"अगो, मांडवीची डॉक्टरीण ना? शंभर वर्षं आयुष्य तुला. आत्ताच तुझं नाव काढलं. वेल संपत आलीय, आणखी धाड. शेजारच्या दोघींना पण लागू पडलीय. आम्ही तिघी पितो."

"तिघींच्या गोळ्या बंद आहेत?"

"मग! तूच सांगितलंस ना कमळाला."

मी आतेकडे बघितलं. ती आता माझ्याकडे वळली होती आणि मी काय बोलते ते ऐकत होती.

"मावशी, त्या दोघींना हाक मारा," मी म्हणाले. "फोन स्पीकरवर ठेवा."

पलीकडे हाका गेल्या, कुणीतरी चप्पल फरफटत आलं, कुणीतरी हसलं. "बोल बाय," सखूमावशी म्हणाल्या, "जमलो सगळ्या."

"मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. चुकलंय हे कळल्यावरही नऊ दिवस तोंड दाबून बसले, आणि आते इथे ऑक्सिजनवर आहे. तो काढा आत्ताच्या आत्ता ओतून टाका, आणि तिघीजणी आजच्या आज डॉक्टरकडे जा. माझं नाव सांगा."