खंडेनवमीचे स्केट्स

आत्माराम साळवींच्या हातून गेलेला एकही जॉब, म्हणजे घडवलेला एकही भाग, चौतीस वर्षांत रिजेक्ट झाला नव्हता. हे ते स्वतःच सांगत, आणि कुणी न विचारता सांगत. पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, ग्राइंडिंग मशीनवर त्यांची हयात गेली होती. अंगठ्याच्या नखाला मिलिमीटरचा शंभरावा भाग कळतो, असा त्यांचा दावा निवृत्तीनंतरही कायम होता. जर्मनीत कोलोनला मुलाकडे तीन महिन्यांसाठी येताना त्यांनी लोणच्याच्या बरणीशेजारी आपला धार लावायचा ऑइलस्टोन फडक्यात गुंडाळून आणला. शैलाने, म्हणजे सुनेने, विचारलं, "बाबा, हा दगड कशाला?" तर म्हणाले, "तुझ्या सुऱ्या बघितल्यात मी व्हिडिओ कॉलवर."

सुऱ्या पहिल्याच आठवड्यात संपल्या. मग कात्र्या, सोलाणं, पिझ्झा कापायचं चाक. तेही संपल्यावर हात रिकामे झाले आणि लक्ष नातवाकडे वळलं.

वेदांग एकोणीस वर्षांचा, पगारी आइस हॉकी खेळाडू. अर्ध्या तासावरच्या एका गावातल्या क्लबशी त्याचा एप्रिलपर्यंत करार होता. तो गोलकीपर होता, पण दोन नंबरचा. दोन नंबरचा म्हणजे काय, ते आत्माराम पहिल्याच मॅचला बघून आले. एक नंबरचा कीपर बर्फावर, आणि आपला नातू बाकाच्या टोकाला टोपी घालून बसलेला. खेळाडू आत-बाहेर करतील तसं कठड्याचं दार उघडायचं आणि लावायचं, एवढंच त्याचं काम.

"पोराला वॉचमन म्हणून ठेवलाय का रे?" त्यांनी मुलाला विचारलं.

चंद्रशेखर सॉफ्टवेअरवाला, मोजून बोलणारा. "बाबा, डिसेंबरपर्यंत एकही मॅच मिळाली नाही, तर पुढचा करार विसरायचा. मग आखनच्या विद्यापीठात इंजिनियरिंग. तसं ठरलंय आमचं." हे सांगताना त्याला बरं वाटत होतं की वाईट, ते त्याचं त्यालाच कळत नसावं.

त्या रात्री आत्मारामांना झोप लागली नाही. पोरगं रोज पहाटे उठून घाम गाळत होतं आणि आपल्याला त्याच्यासाठी काही म्हणता काही करता येत नव्हतं. धड बोलताही येत नव्हतं. वेदांगला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. "जा, आजोबा." "गेनाऊ, आजोबा." एक म्हणजे हो, दुसरं म्हणजे अगदी बरोबर; एवढ्यावर दोघांचं चाललं होतं.

मग ऑक्टोबरात खंडेनवमी आली आणि आत्मारामांना एकदम तरतरी आली. कारखान्यात त्या दिवशी मशीनला हार, हळदकुंकू, आणि मशीन बंद. पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही, विश्रांती द्यायची. त्यांनी वेदांगला सांगितलं, "तुझी हत्यारं घेऊन ये घरी. पूजेला लावू." वेदांग हसला. पण गुरुवारी प्रॅक्टिसनंतर खरंच स्केट्स घेऊन आला.

शुक्रवारी सकाळी सगळे आपापल्या कामाला गेल्यावर आत्मारामांनी स्केट उलटा धरला, पात्यावर नख आडवं फिरवलं आणि कपाळावर हात मारून घेतला. पातं मधोमध खोलगट झालं होतं! या टोकापासून त्या टोकापर्यंत पन्हळ, मिलिमीटरचा चांगला दहावा भाग खोल. एवढ्या मोठ्या क्लबात एक धड ग्राइंडर नाही? झिजून झिजून पन्हळ पडली तरी बघायला कुणी नाही? मग पोराला मॅच कशी मिळणार!

ते बाल्कनीत पाट टाकून बसले. तेलाचे दोन थेंब, दगड, आणि चार तास. बोटं आखडली, कंबर धरली, पण त्यांना मनापासून आनंद होत होता. बाराच्या सुमारास दोन्ही पाती आरशासारखी सपाट झाली होती. त्यांनी ती पुसली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, झेंडू मिळाला नाही म्हणून शेवंती ठेवली.

दोनला वेदांग धावत घरात आला. एक नंबरच्या कीपरला सकाळपासून ताप होता. आज गोलमध्ये वेदांग!

शैला आणि चंद्रशेखर लवकर घरी आले होते. तिघांनी आत्मारामांकडे बघितलं, कारण स्केट्स पूजेत होते. आत्माराम एरवी नियमाला पक्के. पण त्यांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. अक्षता टाकल्या, स्केट्स उत्तरेकडे जरासे सरकवून उत्तरपूजा उरकली आणि उचलून नातवाच्या हातात दिले. "घे. आजच त्यांचा खरा मान आहे."

वेदांगने सवयीने पात्यावर नख आडवं फिरवलं. त्याचं बोट मध्येच थांबलं. मग तो हसला, "डांके, आजोबा," म्हणाला, वाकून नमस्कार केला आणि गेला.

तासाभराने चंद्रशेखरला बाल्कनीत काळाकुट्ट झालेला दगड दिसला. "बाबा, हे काय केलंत?"

आत्मारामांनी अभिमानाने सांगितलं. चंद्रशेखरने दगड उचलून बघितला. "अहो, ती पन्हळ मुद्दाम पाडतात. तिच्यामुळे पात्याला दोन कडा येतात आणि त्या बर्फात रुततात. कीपर त्या कडांच्या जोरावर इकडून तिकडे झेपावतो. सपाट पात्यावर त्याला उभंही राहता येणार नाही."

 आत्मारामांना नातवाचं थांबलेलं बोट आठवलं. पोराला कळलं होतं. कळूनही तो नमस्कार करून गेला होता.

वेदांगचा फोन बंद होता. मॅचच्या दिवशी तो बंदच असायचा. "गाडी काढ," आत्माराम म्हणाले, आणि दगड कोटाच्या खिशात टाकला.

स्टेडियमच्या मागच्या बाजूला, ड्रेसिंग रूमशेजारी, धार लावायची खोली होती. तिथून चढा आवाज येत होता. हेल्मुट नावाचा साठीचा माणूस, क्लबचं सगळं सामान सांभाळणारा, हातात स्केट घेऊन वेदांगवर तोंडसुख घेत होता. वेदांग खाली मान घालून उभा. भिंतीला टेकून ट्रेनर ऐकत होता.

"काय म्हणतोय?" आत्मारामांनी विचारलं.

चंद्रशेखर हळूच म्हणाला, "वेदांगने सांगितलंय की उघड्या पात्यांनी काँक्रीटवरून चाललो आणि मग घरीच घासून बघितलं. आणि हा माणूस म्हणतोय, असल्या पोरांना हत्याराची कदर नाही. यांना गोलमध्ये कोण उभं करणार?"

आत्मारामांना भर सभेत कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. टूलरूममध्ये याहून वाईट शिवी नव्हती.

"सांग त्याला. मी केलंय."

"बाबा, ट्रेनर आहे समोर. वेदांग निभावून नेईल..."

"नको, आजोबा," वेदांग म्हणाला. चक्क मराठीत.

"पोराला हत्याराची कदर नाही, असं कुणी म्हणायचं नाही," आत्माराम म्हणाले. "त्याची चूक नाही. रिजेक्ट जॉब माझा आहे. असंच्या असं सांग." आणि चंद्रशेखर तोंड उघडायच्या आत त्यांनी खिशातला दगड काढून हेल्मुटच्या टेबलावर ठेवला.

चंद्रशेखरने सांगितलं, खंडेनवमीसकट सांगितलं. हेल्मुटने दगड बघितला, पात्यावरचं कुंकू बघितलं. मग स्टीलची पट्टी पात्यावर उभी ठेवून दिव्यासमोर धरली. पट्टीखालून उजेडाची रेघही येईना, इतकं ते सपाट होतं.

"फॉन हांट?"

"हाताने का, विचारतोय."

आत्मारामांनी मान हलवली. या वेळी त्यात अभिमान नव्हता.

हेल्मुट काहीतरी पुटपुटला आणि हाताने खूण करून त्यांना मशीनजवळ बोलावलं. त्याने फिरत्या चाकावर हिऱ्याची टोकदार कांडी कमानीसारखी फिरवली, चाकाच्या कडेला गोलाई आली, आणि तीच गोलाई पात्यात उतरू लागली. आत्मारामांना भाषांतर लागलं नाही. किती सोपं, किती शहाणपणाचं काम! आणि आपण ते चार तास बसून पुसून टाकलं.

ट्रेनर जाताना दोन शब्द बोलला. "वॉर्मअप सव्वासहाला," चंद्रशेखरने सांगितलं. "वेदांगच खेळणार आहे."

सव्वासहाला टीम बोगद्यासारख्या वाटेवरून निघाली. आत्माराम भिंतीला चिकटून उभे होते, नातवाकडे बघायचा धीर होत नव्हता. कीपर सगळ्यांच्या पुढे असतो. वेदांग त्यांच्यापाशी येऊन थांबला. मागची रांग थांबली. त्याने एक हात भिंतीला टेकला आणि नाल ठोकून घ्यायला घोडा उचलतो तसा एक पाय मागे वर उचलला.

आत्मारामांनी चष्मा पुसला. नख आडवं फिरवलं. दोन्ही कडा लागल्या. मग दुसरा पाय. मागे वीस धिप्पाड माणसं खोळंबली होती.

"पास," आत्माराम म्हणाले.

बाकाच्या टोकाला आज कठड्याचं दार दुसराच कुणी पोरगा उघडत होता. मॅच दोनास तीनने गेली. पण रविवारीही वेदांगच उभा राहील, असं ट्रेनरने सांगितलं. आत्मारामांना त्या दिवशीचा एकही गोल नीट आठवत नाही. त्यांना आठवतो पहिल्या झेपेचा आवाज, बर्फात कडा रुतल्याचा, आणि तो ऐकून आपण लहान मुलासारखे रडलो ते.