गैरहजेरीचे गुण

लोकप्रतिनिधींना शंभरपैकी गुण द्यायचे, ही कल्पना आयर्लंडच्या पश्चिम उद्योग परिषदेने अमेरिकेतून उचलली आणि तिला शास्त्राचा मुलामा द्यायला नागपूरचा देवदत्त नेमला. संसदीय मतदानावर लिमरिकच्या विद्यापीठात प्रबंध लिहिलेला. म्हणजे रक्त केवळ तळटिपांत पाहिलेला माणूस. परिषदेला हवे तसे मत देणारा खासदार वर, न देणारा खाली. ती यादी निवडणुकीआधी रंगीत कार्डावर छापून क्लेअर परगण्यात घरोघर टाकायची.

अडचण एकच होती. आयर्लंडात खासदार मत देतो हे म्हणण्यापुरते. देतो तो पक्ष. आदेश निघाला की सगळ्या माना एकाच दिशेला हलतात आणि एका पक्षाच्या सगळ्यांना गुण सारखेच पडतात.

"ही यादी आहे की कॉपी केलेला वर्ग?" परिषदेचा संचालक फर्गल कॉन्सिडाइन हसला होता. "वर-खाली दिसायला हवं, देव. गैरहजर असेल तो विरोधक धर."

देवदत्तने धरला. विद्वान लोक याला गृहीतक म्हणतात. गृहीतकाची सोय अशी की, त्याने कोणाचे डोके फुटले तरी ते मांडणाऱ्याची बाही कोरडी राहते.

या गृहीतकात टॉमस हेहिर सापडला. साठी उलटलेला अपक्ष, एरवी परिषदेच्याच बाजूने मत देणारा. वर्षभरातल्या सात मतदानांपैकी सहा एका आठवड्यात झाली, आणि त्याच आठवड्यात एनिस गावाजवळच्या दगडखाणीत दरड कोसळून मेलेल्या तीन कामगारांच्या अंत्ययात्रांना हेहिर खांदा देत होता. सातांपैकी एक, म्हणजे चौदा टक्के. त्या सहांत जुन्या खाणींना मुदतवाढ देणारे विधेयकही होते. ते एका मताने पडले, खाण बंद झाली, दोनशे माणसे घरी बसली.

हे देवदत्तला कळले तेव्हा कार्डे वाटून झाली होती. सांगितले त्याच्या बायकोने. स्वप्नाली फिजिओथेरपिस्ट होती. खाणीतून वाचलेला एकजण तिच्याकडे उपचाराला येई.

"तुझा तो चौदावाला माझ्या पेशंटच्या भावाची शवपेटी वाहत होता," ती म्हणाली. "आणि तू त्याला नापास केलंस?"

"नियम सगळ्यांना सारखाच होता गं."

"हो ना. दरडही सगळ्यांवर सारखीच पडली."

"फर्गलशी भांडलो तर इथलं कामाचं परमिट जाईल. पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे."

"मग फर्गलशी नको भांडूस. त्या म्हाताऱ्याला तोंडावर सांग. तेवढं तरी कर, देवा."

हेहिर दर शनिवारी सकाळी एनिसच्या एका हॉलमध्ये लोकांची गाऱ्हाणी ऐकायला बसे. देवदत्त रांगेत सहावा होता. पहिली बाई पेन्शनचे कागद पसरत होती, तेवढ्यात दार आपटले आणि खाणीचे तीन ट्रकचालक आत आले. पुढच्याच्या, डोनलच्या, एका हातात हर्लिंग या हॉकीसारख्या खेळाची काठी होती आणि दुसऱ्यात देवदत्तचे कार्ड.

"चौदा!" तो ओरडला. "चौदा टक्के, टॉमस! आमच्या पोरांच्या तोंडचा घास काढलास तू!"

दुसऱ्याने टेबल उलटले. तिसऱ्याने हेहिरला कॉलरला धरून भिंतीवर आदळले. भिंतीवरचा फळा निखळून त्याच्या खांद्यावर पडला. नाकातून रक्ताची धार लागली असताना हेहिर शांतपणे म्हणाला, "डोनल, दरडीखाली गेलेल्या तुझ्या कॉलमची शवपेटी पुढून डाव्या बाजूला मी धरली होती. उजवीकडे तू होतास. मतदान त्याच दुपारी होतं."

डोनलची काठी हवेतच थांबली.

देवदत्तला बोलायचे होते ते याच क्षणी. वाक्य तयार होते, कर्ता-कर्म-क्रियापदासकट. त्याला परमिटची तारीख आठवली. दोन श्वास गेले असतील.

"छापलंय हे," डोनल म्हणाला. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्यापेक्षा छापलेले खरे मानायला त्याला तेवढाच वेळ पुरला. "विद्यापीठातल्या डॉक्टरनं काढलंय. आणि त्या दुपारी तू डब्लिनला असायला हवं होतंस!"

पहिला घाव कानशिलावर बसला, दुसरा डोळ्यावर. ओले फळ फुटावे तसा आवाज झाला. हेहिर गुडघ्यांवर आला. तिसरा घाव त्याच्या बोटांवर पडला, कारण तोवर त्याने चेहरा हातांनी झाकला होता.

"तो आकडा माझा आहे!" देवदत्त किंचाळत मध्ये घुसला. "तो विरोधात नव्हता! गैरहजर होता, म्हणून आम्ही विरोधक धरला! तो डॉक्टर मीच!"

डोनलने त्याच्याकडे पाहिले. "कधीपासून उभा आहेस इथं?"

"सुरुवातीपासून."

"मग आधी का नाही बोललास?" डोनलचा आवाज रडका झाला होता, पण काठी रडत नव्हती. देवदत्तने आडवा धरलेला हात कोपराखाली मोडला आणि हाड कातडीतून बाहेर आले.

दोघांना लिमरिकच्या रुग्णालयात नेले. हात बांधून झाल्यावर एक महिला गार्ड जबाब घ्यायला शेजारी बसली. पोलिसांना तिथे गार्डच म्हणतात. पहिल्याच प्रश्नाला फोन वाजला. फर्गल होता.

"ऐक, देव. गैरहजेरीचा नियम तुझ्या डोक्यातून निघाला, माझ्या नाही. असंच सांगायचं. परमिटचं मी बघतो, सगळं ग्रँड होईल."

देवदत्तने शाबूत हाताने फोन मांडीवर ठेवला आणि स्पीकर लावला.

"फर्गल, शेजारी गार्ड बसल्या आहेत," तो म्हणाला. "जरा पुन्हा सांगा."

गार्डने वहीचे पान उलटले आणि ती वाट पाहत राहिली. समोरच्या दारामागे हेहिरचा डावा डोळा काढून टाकत होते.