पुरायचं राहिलेलं आतडं

भाताला उकळी येते न येते तोच शाळेत स्वयंपाक करणाऱ्या तुळसाला आतून हाक आली. झारा तसाच टाकून ती कोंढा गावच्या शाळेमागच्या संडासाकडे धावली, बसली, घामाघूम झाली आणि काहीच झालं नाही. होणार तरी कसं? पोटावर मळाची पिशवी चिकटवलेली, आणि जे मोठं आतडं हाक मारत होतं ते दोन महिन्यांपूर्वी नागपुरात कापून काढलेलं.

परत आली तर पोरांच्या जेवणाचा भात करपलेला. मुख्याध्यापक केशवराव तसे भले गृहस्थ, पण तेही कातावले.

"बाई, तिसऱ्यांदा झालं हे. सोमवारी पुन्हा असंच झालं, तं मले दुसरी बाई पाहा लागल."

नऊ वर्षं त्या आतड्याने तुळसाला रक्ताच्या जुलाबांनी पिळून काढलं होतं. गोळ्या झाल्या, तीनदा दवाखान्यात भरती झाली. शेवटी इंजेक्शनंही लागू पडेनात, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशनला धोका आहेच, पण थांबलो तर तो रोज वाढेल." नवऱ्याने, हिरालालने, सही केली. तुळसा वाचली, रक्त थांबलं. हाक तेवढी थांबेना. शरीराची जुनी सवय आहे, जाईल हळूहळू, असं डॉक्टरीणबाईंनी फोनवर समजावलं.

जाऊ पुष्पाबाईला ते पटलं नाही.

"लेकराची नाळ पुरतेत. तुहं आतडं कोणं पुरलं व? तपासाले नेलं न बरणीत ठेवलं. थे भटकून रायलं, म्हणून बलावते तुले."

तुळसा हसली खरी, पण भर दुपारी तिच्या अंगावर काटा आला. हिरालाल हसला नाही. प्रेत सापडलं नाही तर कणकेचा पुतळा करून क्रिया उरकतात, हे त्याने पाहिलेलं होतं. रविवारी त्याने तांदळाच्या पिठाचं लांबलचक आतडं वळलं, कुदळ घेतली आणि तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, जाऊन खड्डा खणला. मग तुळसाला बोलावलं.

खड्डा पाहून ती दोन पावलं मागे सरली. अरुंद, लांब खड्डा. नेमका तिच्या मापाचा.

"एवढा कायले जी?"

"पाच फूट असते म्हणे ना आतडं. मोजून खंदला."

तुळसा स्वतः पुरती पाच फूट नव्हती. वारा पडलेला, तलाव गप्प, आणि कडेची माती आपोआप आत घरंगळत होती. कोणीतरी तिच्यासाठी जागा करून ठेवल्यासारखं वाटलं. ती फार भ्याली. आपण काय खणून बसलो ते हिरालालच्याही आत्ताच ध्यानात आलं. त्याचा चेहरा उतरला.

तुळसाने ते पीठ गुंडाळून वेटोळं केलं आणि खड्ड्याच्या एका टोकाला ठेवलं. "पोटात थे असंच गुंडाळून रायते," ती म्हणाली. मग खाली बसून दोन्ही हातांनी माती लोटू लागली.

अर्धा खड्डा बुजला आणि हाक आली. नेहमीपेक्षा जोरात.

"जाय तू, मी बुजवतो," हिरालाल म्हणाला.

"नाई. येऊ द्या तिले. उद्या भात सोडून पळाचं नाई मले."

मांड्या थरथरत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं. पण ती उठली नाही. खड्डा काठोकाठ भरेपर्यंत माती लोटत राहिली.