उंबऱ्यापुढची नऊ मिनिटं

मित्रांनो, माझ्या पत्र्यावरचा रंग उडाला आहे, माझे एक चाक कुठल्या तरी दुसऱ्याच यंत्राचे आहे आणि माझ्या पोटात सध्या एका पालीचा संसार आहे. तेव्हा मी जुना आहे हे निराळे सांगत बसत नाही. मी सिनेमा दाखवणारा प्रोजेक्टर. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखे काही पाहिले नसेल. त्यात वाईट वाटून घेऊ नका.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे चार माणसांनी मला तपासले आणि चौघांनीही शिक्के मारले. मग बारा वर्षे मी बँकॉकच्या एका थिएटरात गार हवेत काम केले. तिथला माणूस पांढरे हातमोजे घालून मला पुसत असे. पुढे तिथे माझ्याहून तरुण यंत्र आले आणि मी प्रायोंगच्या ट्रकवर चढलो. प्रायोंग हातमोजे घालत नसे. तो बनियन घालत असे, आणि त्याच बनियनने मला पुसत असे. पण रोज पुसत असे, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

थायलंडच्या ईशान्येकडच्या आमच्या इसान भागातल्या गावांत परदेशी सिनेमा यायचा तो मुका. चित्र मी दाखवायचे आणि माईकपाशी बसून बोलायचे प्रायोंगने. नायक तो, नायिका तो, नायिकेची सासू तो, आणि सिनेमात मांजर असेल तर तेही तोच. संवाद कागदावर लिहून यायचे. पण कागदाला तो सूचना समजत असे, हुकूम नव्हे.

आणि आमचा निम्मा धंदा माणसांसाठी नव्हताच. आमच्याकडे लोक नवस बोलतात, काम झाले की देवाला अख्खा सिनेमा दाखवतात. देवळापुढे दोन बांबूंना पडदा बांधायचा, पहिल्या रांगेत देवासाठी चटई आणि उशी रिकामी सोडायची, मागे माणसे बसली तर बसली. भर पावसात त्या एका रिकाम्या उशीसाठी मी दोन-दोन तास चाललो आहे. माझी तक्रार नाही. त्या उशीवरून कधी कोणी मधेच उठून गेले नाही.

असाच एक नवस बान नोंग सिम या गावी निघाला. त्या गावाचा राखणदार पूता. म्हणजे गावाचा मूळपुरुष. चिंचेच्या झाडाखाली चार खांबांवर त्याचे लाकडी घर आहे. नवस होता चमनियनचा. तिची मुलगी मली, नऊ वर्षांची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड आणि काळोख एवढेच तिला कळे. शहरात तिचे ऑपरेशन झाले होते, डोळ्यांवर जाड पट्टी होती आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी सुटायची होती. चमनियनने ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हात जोडून सांगितले होते, "पूता, माझ्या पोरीचे डोळे दे. अख्खा सिनेमा दाखवीन, पहिल्यापासून शेवटपर्यंत." आणि पूताचे पुजारी खामफान आजोबा यांनी बजावले होते, की नवस फिटल्याशिवाय पट्टीला हात लावायचा नाही.

सिनेमा मलीने निवडला होता. जत्रांमध्ये ती तो दोनदा ऐकून आली होती. डब्यावर एका देशाचे नाव होते, पण डबा दुसऱ्याच सिनेमाचा होता, त्यामुळे देश कुणालाच ठाऊक नव्हता. गोष्ट अशी. एक माणूस ताऱ्यांच्या पलीकडे जातो. तिथे त्याच्यासारखाच हुबेहूब दुसरा तयार होतो. दोघांपैकी एकच यानात बसून परत येतो. कोणता, ते कळत नाही. शेवटची नऊ मिनिटे तो आपल्या आईच्या घराकडे चालत येतो आणि दारावर थाप मारायला हात उचलतो. संपला सिनेमा.

त्या नऊ मिनिटांसाठी कागदावर एकही अक्षर नव्हते. प्रायोंगला एवढी रिकामी जागा म्हणजे फुकटचा मळा. तो दर गावात निराळे पीक काढी.

त्या संध्याकाळी तो माझ्यात रीळ भरत असताना गावच्या शाळेचे विरोत सर येऊन उभे राहिले. ते नुकतेच बँकॉकहून शिकून आले होते, आणि बँकॉक अजून त्यांच्या अंगातून उतरले नव्हते.

"काय प्रायोंगकाका, आज शेवटी काय? मागच्या जत्रेत त्याला आईनं गरम भात वाढला. त्याच्या आधीच्या जत्रेत तो यंत्र निघाला आणि त्याला कुत्रं चावलं."

"लोकांना आवडलं."

"लोकांना भाजलेला माकूळ मासाही आवडतो. म्हणून सिनेमात घालाल?"

"दोनदा घातलाय, सर."

"अहो, त्यानं मुद्दाम मोकळं सोडलंय! माणूस की नक्कल, हे बघणाऱ्यानं ठरवायचं. याला सखोल म्हणतात."

"मी विहिरी खणणाऱ्याचा मुलगा, सर. खोल गेल्यावर पाणी लागलं तर ती विहीर. नुसता काळोख लागला तर आम्ही त्याला खड्डा म्हणतो. लिहिणाऱ्याला शेवट सुचला नाही, सरळ आहे. त्याचं राहिलेलं काम मी करतो."

"एकदा गप्प राहून बघा. नऊ मिनिटं. पैज, तुम्हाला जमायचं नाही."

प्रायोंगचा चेहरा लाल झाला. त्याला चोर म्हटले असते तरी चालले असते. या वादात दोन गोष्टी राहून गेल्या. माझ्या भिंगामागच्या ज्या खिडकीतून फिल्म सरकते, तिथे तिला अडवणारी काजळी जमली होती, ती त्याने पुसली नाही. आणि शेवटच्या रिळाला, नेमके तो माणूस हात उचलतो तिथे, कडेची चार भोके फाटलेली होती. तिथे तो दरवेळी फिल्मला बोट लावून पुढे ढकलत असे. फिल्म अडकली तर माझ्या दिव्यापुढे ती पाच-सात सेकंदांत जळते. उकडलेली कोंबडी, भाताची दारू आणि लाल सरबताची बाटली उशीपुढे ठेवून झाली, खामफान आजोबांनी पूताला बोलावले, आणि आम्ही सुरू झालो.

शेवटच्या रिळापर्यंत सगळे उत्तम झाले. मग ती नऊ मिनिटे आली. प्रायोंगने माईक मांडीवर उलटा ठेवला, एका हाताचे बोट माझ्या फिल्मला लावले आणि ओठ मिटले. मैदानावर नऊ मिनिटे फक्त माझी खरखर. पडदा पांढरा झाला.

"आई, जनरेटर बंद पडला का?" मलीने विचारले.

"नाही गं. संपला."

"कसा संपला? तो गेला का घरात?"

"नाही... दारातच आहे."

"मग आईनं दार उघडलं?"

"नाही."

"मग संपला कसा?"

खामफान आजोबा उठले. उशीपुढच्या वाटीतून त्यांनी चिमूटभर तांदूळ घेतले आणि तळहातावर दोन-दोन दाणे बाजूला सारू लागले. जोड्या जमल्या तर पूता खूष. शेवटी एक दाणा एकटा राहिला. आजोबांनी तो सगळ्यांना दाखवला.

"पूता विचारतायत, पुढं काय? अख्खा म्हणाली होतीस ना, चमनियन? हा अख्खा नाही. नवस फिटला नाही."

चमनियनने पोरीला पोटाशी ओढले. शहराकडे जाणारी सकाळची गाडी सहाला होती.

"असं कसं!" विरोत सर पुढे झाले आणि उशीकडे वळून, हात जोडून समजावू लागले, "हे बघा पूता, आधुनिक सिनेमात शेवट नसणं हाच शेवट असतो. लेखक प्रेक्षकावर विश्वास टाकतो, आणि..."

"सर," मागून पान चघळणारी एक म्हातारी म्हणाली, "त्यांना जाऊन तीनशे वर्षं झाली. आता कुठं शिकवताय त्यांना?"

चमनियन सरांपुढे येऊन उभी राहिली.

"सर, उद्या डॉक्टरनं पट्टी सोडली आणि म्हणाला, 'पोरीला दिसतंय की नाही ते तुम्हीच ठरवा', तर त्यालाही सखोल म्हणू का मी?"

प्रायोंगने घाईघाईने माईक उचलला. "ताई, थांब. मी सांगतो शेवट. तो आत गेला, आईनं त्याला..."

"खबरदार!" ती ओरडली. "तीन गावांत तीन शेवट सांगितलेस. आता चौथा? माझ्या पोरीच्या डोळ्यांच्या नवसात पूताला थापा मारतोस?"

मित्रांनो, मी पुष्कळ सिनेमांत माणसे अडकलेली पाहिली आहेत. पण तिथे नायकाला निदान खिडकी असते. इथे गप्प राहिले तर नवस अर्धा, आणि बोलले तर खोटा. प्रायोंगने माईक तोंडाशी नेला, पुन्हा खाली घेतला, आणि त्याची खरखर कर्ण्यातून सगळ्या गावाला ऐकू गेली.

"काका," मली म्हणाली, "तिथं दिसतं ते सांगा ना. काय झालं ते नको. नुसतं दिसतं तेवढं. ते मला कोणीच सांगितलं नाही."

प्रायोंगने शेवटचे रीळ उलटे गुंडाळले. बारीकसारीक दिसायला या वेळी त्याला माईक घेऊन पडद्याजवळ जायचे होते. माझ्यापाशी उभे राहायला कोणी हवे होते. त्याने विरोत सरांचा दंड धरून त्यांना माझ्या बाजूला उभे केले. "सर, तो हात उचलायला लागला की इथं बोट लावायचं आणि ढकलत राहायचं. चटका बसेल. सोडलंत तर फिल्म जळेल. मग त्याला शेवट कधीच नाही."

माझा दिवा ज्या कार्बनच्या कांडीवर जळतो, ती बोटभर उरली होती. खिडकीत काजळी. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

"सकाळ आहे," प्रायोंग बोलू लागला. नायकाचा नव्हे, सासूचाही नव्हे, त्याचा स्वतःचा आवाज. सिनेमा चालू असताना तो मी पहिल्यांदाच माईकवर ऐकला. जरा चिरका होता. "रस्ता आहे. तो चालतोय. डावा पाय ओढतो थोडा. घर आलं. दार निळं आहे, खाली पोपडे उडालेत. दाराखालून उजेडाची रेघ दिसतेय. दारापुढं चपला आहेत. म्हाताऱ्या बाईच्या. एकच जोड." तो थांबला. "तो वाकलाय. बूट काढतोय. एक काढला. दुसरा काढला. ते... ते चपलांच्या शेजारी नीट लावून ठेवलेत."

मैदानावर कोणीतरी श्वास आत ओढला. मित्रांनो, प्रायोंगने त्या नऊ मिनिटांत आजवर इतके बोलून घेतले होते, की ते बूट कोणाला दिसलेच नव्हते. आणि मघाशी सगळे दिसत होते, तेव्हा लोक त्याच्या तोंडाकडे बघत होते, हा गप्प का म्हणून. मी तरी काय, तो सिनेमा त्रेसष्ट वेळा दाखवला. मला तरी कुठे दिसले?

"आता तो उभा राहिला. हात उचलतोय..."

फाटकी भोके माझ्या चाकाच्या दातांवर आली. फिल्म थबकली, पडद्यावरचा हात थरथरला, कोपऱ्यात एक तपकिरी डाग उमटून पसरू लागला. विरोत सरांनी बोट खुपसले. "आई गं!" असे बँकॉकला न शिकलेल्या भाषेत ते ओरडले, पण बोट सोडले नाही. मी उरलेल्या तीन दातांनी फिल्म धरली आणि ओढली. ती सुटली. डाग मागे गेला.

"हात दारापाशी आहे," प्रायोंग हळूच म्हणाला. "टेकला नाही अजून. बोटं मिटलेली आहेत. एवढंच आहे. याच्यापुढं चित्र नाही."

पडदा पांढरा झाला.

"त्याला आत जायचंय," मली म्हणाली. "नाहीतर बूट कशाला काढेल? पण त्याला भीती वाटते. आतून कोणी म्हणालं, तू आमचा नाहीस, तर? मला पण उद्या तशीच भीती वाटणार आहे. पट्टी सोडताना."

"यंत्र कशाला बूट काढील?" म्हातारीने विचारले.

"नक्कल हुबेहूब असेल तर काढेलही..." बोट तोंडात धरून विरोत सर म्हणाले.

"सर!" अख्खे गाव ओरडले.

खामफान आजोबांनी पुन्हा तांदूळ घेतले. दोन, दोन, दोन. या वेळी एकही दाणा उरला नाही. एक दाणा त्यांच्या अंगठ्याला मागच्या बाजूने चिकटला होता. तो मी माझ्या उंचीवरून स्पष्ट पाहिला. तो पूताने चिकटवला की घामाने, हे मला ठाऊक नाही, आणि मी काही बोललो नाही.

"फिटला," आजोबा म्हणाले.

आता तुम्ही विचाराल, मलीचे काय झाले? थांबा. आधी माझे थोडे ऐका. त्यानंतर मी सात वर्षे चाललो. मग गावोगाव टीव्ही आले आणि नवसालासुद्धा लोक कॅसेट लावू लागले. प्रायोंग थकला. विरोत सरांनी मला शाळेच्या अडगळीच्या खोलीत आणून ठेवले. कधीमधी ते येतात, डाव्या हाताच्या बोटावरचा पांढरा वण माझ्या खिडकीवरून फिरवतात आणि जातात. पुसत मात्र नाहीत. तेव्हा माझी विनंती एवढीच. घरातल्या जुन्या यंत्रावरून कधी कोरडे फडके फिरवा. त्या दिवशी काजळी वेळेवर पुसली असती, तर एका मास्तरचे बोट वाचले असते. आणि कोणी अर्धवट गोष्ट सांगून तिला सखोल म्हणाले, तर भांडू नका आणि मानही डोलवू नका. त्यात दिसते ते डोळे बांधलेल्या कोणाला तरी सांगून पाहा. सांगण्यासारखे बूट निघाले, तर लिहिणाऱ्याला नमस्कार करा. काहीच निघाले नाही, तर प्रायोंगला बोलवा.

मलीचे सांगतो. 'तुम्हीच ठरवा' म्हणण्याइतका मी सखोल नाही.

दुसऱ्या दिवशी प्रायोंगने ट्रक हलवला नाही. जनरेटर बिघडला आहे असे तो सगळ्यांना सांगत होता. जनरेटर ठणठणीत होता. दुपारी गाडी आली. चमनियन मागे राहिली आणि मली एकटीच, कोणाचा हात न धरता, डोळे बारीक करून ट्रककडे चालत आली. वर चढायच्या फळीपाशी थांबली. वाकून तिने पायांतल्या चपला काढल्या, प्रायोंगच्या चपलांच्या शेजारी नीट लावून ठेवल्या, आणि वर चढून माझ्या भिंगात डोकावली.

"एवढासाच आहे हा?" ती म्हणाली. "आणि काका, तुम्ही इतके काळे आहात, हे पण तुम्ही कधी सांगितलं नाही."