एकशे अठरा बैलगाड्या

"निघाले का खड्ड्याच्या दर्शनाला?" सिंधुबाईनं झाडू अंगणात आपटला. "केळीत पिलं माजून राहिली, ती काढायला हात न्हाई. आन् रोज उठून रेल्वेचा खड्डा बगायचा. खड्डा काय दूध देतोय का?"

किशनरावांनी टोपी झटकली, घड ओढायची लांब बांबूची आकडी काखेत मारली. "ध्यान ठिवावं लागतं सिंधे. मानूस समोर उभा असला की कामाला हात चालतो."

"दीड साल झालं उभं राहून. त्यांचा हात चालंना, तुमचे पाय तेवढे चालून राहिले."

किशनराव चपला घालून निघाले.

सावरखडी हे मुदखेडच्या अलीकडचं गाव. घरं रुळाच्या या अंगाला आणि निम्मी जमीन त्या अंगाला. मध्ये एक फाटक होतं. दीड वर्षाखाली रेल्वेनं ते उपटलं, दोन्हीकडं रुळाचे तुकडे आडवे ठोकले आणि पाटी लावली: 'भुयारी पुलाचे काम. पाडव्यापर्यंत पूर्ण.' किशनराव रेल्वेवर विश्वास ठेवणारे नव्हते, पण रंगवलेल्या अक्षरावर त्यांची फार श्रद्धा. त्या पाटीच्या भरवशावर त्यांनी रुळापल्याडच्या तीन एकरांत पुढच्या मिरगाला केळी लावली.

पाडवा आला. कंत्राटदाराचा एक माणूस आला, त्यानं 'पाडवा'वर पांढरा रंग मारून 'दसरा' लिहिलं. दसऱ्याला पुन्हा 'पाडवा' लिहिलं. पाटीवर रंगाचे इतके थर चढले, की पुलाआधी पाटीच बांधून झाली. केळीला मात्र कुणी पाटी लावली नव्हती. ती आपल्या वेळेवर निसवली, घड धरले, आणि श्रावणात कापायला येणार हे चैतातच दिसू लागलं. तोवर पुलाखालून वाट झाली तर माल ट्रकात, नाही तर म्हशीपुढं. कारण दुसरी वाट ओढ्याकाठच्या काळ्या रानातून, आणि पावसाळ्यात तिथून ट्रक काय, घोरपडसुद्धा विचार करून जाते.

म्हणून किशनराव रोज खड्ड्यावर जात आणि परतताना चहाच्या टपरीवर गावाला बातमी देत. गावही मन लावून ऐकायचं.

"आज दोघं आले. एकानं फावडं धरलं, दुसऱ्यानं ते धरलंय का बगितलं."

"आज पंप आला. पानी उपसलं. सांजच्याला पंप गेला, पानी आलं."

"आज साहेब आले. गाडीतून उतरले न्हाईत. काच खाली केली, खड्डा बगितला, काच वर केली. काम जोरात हाय म्हनाले."

आणि शेवटी प्रत्येक वेळी ठरलेला समारोप: "रेल्वेवाल्यांना अक्कल असती तर त्यायनी शेती केली असती."

गाव खो खो हसायचं. सगळ्या गावाची शेती तोट्यात होती, ही गोष्ट त्या वेळी कुणाच्या ध्यानात येत नसे.

वैशाखात एके दिवशी रेल्वेगाड्या थांबवून सिमेंटचे मोठाले चौकोनी डबे रुळाखाली सरकवले. क्रेन बघायला गाव जत्रेसारखं लोटलं. बायकांनी डब्याला हळदकुंकू लावलं, एकीनं नारळ फोडला. गर्दी पांगल्यावर किशनराव आत शिरले. सात फुटांची आकडी त्यांनी मध्ये उभी केली. वर चार बोटं उरली.

त्यांनी जागा बदलून पाहिलं. चारच बोटं. उलटी धरून पाहिलं. आकडी उलटी धरल्यानं लांब होत नाही.

ते तडक सुदर्शन साहेबांकडं गेले. हा रेल्वेचा तरुण इंजिनियर, लातूरकडचा, तोंडात बडीशेप आणि बोलण्यात गोडवा.

"साहेब, पूल अर्धाच बसवला का?"

"पूर्ण बसवलाय काका."

"मंग वरचा मजला कवा बसवता? ह्यातून ट्रक कसा जावा? ट्रॅक्टरचं तर धुराडंच मोडतं."

"ट्रक?" साहेबांना खरंच नवल वाटलं. "या गावात ट्रक येतो?"

"म्हनजे? दीडशे उंबऱ्याचं गाव हाय! बावीस ट्रॅक्टर हायेत! कापनीला रोज ट्रक येतो!"

साहेबांनी शांतपणे मोबाईलमध्ये कागद उघडला आणि वाचून दाखवला. "तीन वर्षांपूर्वी फाटकावर सात दिवस मोजणी झाली. ट्रक, शून्य. ट्रॅक्टर, शून्य. जीप, शून्य. बैलगाडी, एकशे अठरा. आम्ही बैलगाडीच्या मापाचा पूल दिला काका. वर पुन्हा हातभर जास्तच ठेवलाय."

किशनराव मटकन खडीच्या ढिगावर बसले. कारण ते सात दिवस त्यांना स्वच्छ आठवले.

तीन सालाखाली फाटकाजवळ खुर्ची टाकून एक माणूस बसला होता. हातात वही. जे जाईल त्याची रेघ ओढायचा. कशाला, ते कुणी विचारलं नाही. सरकारी माणसाला विचारायचं नसतं, ओळखायचं असतं. आणि ओळखणारे टपरीवर होतेच. किशनराव म्हणाले होते, "ध्यानात ठिवा. सरकारनं वही काढली की गरिबाचं कायतरी जानार. ज्याच्या दारी ट्रॅक्टर दिसला, त्याचं रेशनचं पिवळं कार्ड गेलं. वरून फाटकावर टोल बसला तर इचारू नका."

झालं. बावीस ट्रॅक्टर कडब्याच्या गंजीमागं गेले. ट्रकवाल्यांना फोन गेले, आठ दिवस येऊ नका. मोटारसायकली लोक ढकलत नेऊ लागले, जणू त्या आजारी होत्या. पण खत, बियाणं, चारा, बायामाणसं, यांना पल्याड न्यायला काहीतरी हवंच. आख्ख्या सावरखडीत बैलांची जोडी उरली होती एकच, वैजनाथची. लालकंधारी, गुळाच्या ढेपेसारख्या रंगाची. एरवी गाव त्याला हसायचं: "वैजा, बैल कशाला पोसतोस, त्यापरीस मेव्हना पोस." त्या सात दिवसांत तोच वैजनाथ अख्खं गाव वाहून दमला. एक गाडी, एकच जोडी, आणि वहीत एकशे अठरा रेघा.

आठव्या दिवशी खुर्ची गेली. गावानं सरकारला फसवल्याबद्दल टपरीवर भजी खाल्ली. भजी किशनरावांनी दिली होती.

आता हे गावाला सांगायचं कोणत्या तोंडानं? किशनरावांनी चार दिवस विचार केला आणि पाचव्या दिवशी टपरीवर सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच होता.

"कोंबड्याचं खुराडं बांधलंय खुराडं! ह्यांच्या बापानं कवा ट्रक बगितला न्हाई का?"

एवढ्यावर न थांबता त्यांनी रेल्वेला अर्ज लिहिला. गावात पुष्कळ मोठी वाहनं आहेत, पूल खोल करून द्यावा. खाली त्रेसष्ट सह्या, सगळ्यांत वर त्यांची. अर्ज गेला आणि गाव तो विसरलं. अर्जाला उत्तर येत असतं, असा अनुभव गावात कुणालाच नव्हता.

श्रावण सरत आला. केळीचे घड भरले, कडा गोल झाल्या. अर्धापूरचा व्यापारी दस्तगीर पहिल्या कापणीला ट्रक घेऊन आला, तो पुलाच्या तोंडाशी थांबला. खाली उतरून त्यानं आधी पूल पाहिला, मग ट्रक, मग किशनराव. पुलात गुडघाभर पाणी होतं. त्यात आदल्या दिवशी शिरलेला एक छोटा टेम्पो कडेच्या चिखलात नाक रुतवून बसला होता.

"किशनरावभाई," दस्तगीर म्हणाला, "तुमी फोनवर बोले, पूल तयार है."

"तयारच हाय की."

"ये पूल न्हाई भाई, ये मोरी है. इसमें से मैं जाऊंगा, लेकिन नमाजच्यासारखा झुकून. ट्रक कसा झुकंल?" त्यानं घड्याळ पाहिलं. "मी सांजपर्यंत हितंच हाय. तुमचा माल आला तं घेतो. न्हाई आला तं उद्या दुसऱ्याच्या बागेत हाय मी. आन् तुमची केळी आठ दिवस थांबनार न्हाई, हे तुमाला मी सांगावं का?"

सांगायची गरज नव्हती. वरच्या दोन फण्या पिवळ्या पडू लागल्या होत्या.

किशनराव वैजनाथच्या दारी गेले, तेव्हा तो बैलांची शिंगं घासत होता. पोळा आठ दिवसांवर होता. त्यानं मान वर केली नाही.

"वैजा, गाडी जुंप. तुझ्या बैलाचं जे काय भाडं असंल..."

"भाडं नको बापू."

"मंग?"

"पोळ्याला तोरनाखालून माही जोडी पयली जाईल."

किशनरावांचा चेहरा उतरला. पोळ्याचं तोरण हा त्यांच्या घरचा मान. सात वर्षांमागं त्यांनी बैल विकले, पण मान विकला नव्हता. दर पोळ्याला ट्रॅक्टरवर झूल घालायची, धुराड्याला फुगे बांधायचे, आणि वेशीतल्या तोरणाखालून ट्रॅक्टर पहिला काढायचा. मागून बाकीचे एकवीस ट्रॅक्टर. आणि सगळ्यात शेवटी, धूर खात, वैजनाथची जोडी. बैलांच्या सणाला बैलाचा नंबर तेविसावा.

"चार पिढ्यांचा मान हाय आमचा, वैजा."

"हाय की. पर तवा मानाला चाकं नव्हती."

सिंधुबाई मागोमाग आलीच होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "द्या की. मान काय केळीच्या पानात गुंडाळून इकायचाय? आन् वैजनाथभाऊ, माह्याकडून पुरनपोळी. बैलाला आधी, तुमाला मागून, आन् ह्यांना उरली तर."

किशनरावांनी 'बरं' म्हटलं. तो शब्द घशातून निघायला पुलाएवढाच वेळ लागला.

दुपारपासून फेऱ्या सुरू झाल्या. पल्याड मजूर घड कापून गाडीत रचायचे, लालकंधारी जोडी गुडघाभर पाण्यात शिरायची, पाणी हुंगायची, आणि अल्याड ट्रकापाशी निघायची. दस्तगीर एकेक घड थोपटून घेत होता. "वा रे पठ्ठे!" तो बैलांना म्हणाला. "पूरे गाव में दोच समझदार हैं."

पाचव्या फेरीला पुलाच्या पल्याडच्या कठड्यावर एक बाई बसलेली दिसली. शहरी, डोक्याला हॅट, गळ्यात ओळखपत्र, नाव शिवांगी. मांडीवर वही.

वही खरं तर सकाळपासूनच गावात फिरत होती. ती वेशीत दिसल्याबरोबर हाळी न देता बातमी घरोघर गेली होती, आणि बाकीच्यांसारखा किशनरावांनीही कापणीच्या गडबडीतून घरी जाऊन आपला ट्रॅक्टर कडब्याच्या गंजीमागं लावला होता. उगाच नको जोखीम.

"काका, दोन मिनिटं," शिवांगी मॅडम म्हणाल्या. किशनराव भरल्या गाडीत घडांवर बसले होते, शेजारी सिंधुबाई, मागं बाग पाहून परतणारा दस्तगीर. "तुमच्याकडं काही मोठं वाहन आहे? ट्रॅक्टर वगैरे?"

किशनरावांची नजर पेनाच्या टोकावर गेली. साठ वर्षांचं शहाणपण एकदम जिभेवर आलं.

"कुठला ट्रॅक्टर बाई? गरीब मानसं आमी. ही गाडीबी दुसऱ्याची हाय."

सिंधुबाईनं कोपर मारलं, पण वाक्य निघून गेलं होतं.

"आणि पुलाच्या त्या तोंडाशी उभा आहे तो ट्रक?"

"पाव्हना हाय. वाट चुकला."

दस्तगीरनं आभाळाकडं पाहिलं.

मॅडमनी लिहिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. "बरं झालं. पूल खोल करायचा म्हणून तुमच्या गावचा अर्ज आला होता. निधीसुद्धा बाजूला ठेवलाय. फक्त वाहनांची खात्री करून या म्हणाले. सकाळपासून सगळं गाव फिरले, एकही ट्रॅक्टर दिसला नाही. हे किशनराव कोण, ज्यांची पहिली सही आहे?"

बैलानं शेपटीनं माशी उडवली.

"बाई, थांबा," किशनराव धडपडत म्हणाले. "हाय! ट्रॅक्टर हाय माहा! चला, आत्ता दावतो, गंजीमागं हाय!"

"काका," मॅडम हसून म्हणाल्या, "आत्ताच तर नाही म्हणालात. आणि गंजीमागं कोण ट्रॅक्टर ठेवतं?" त्यांनी वही मिटायच्या आधी समोरच्या बैलगाडीकडं पाहिलं आणि एक रेघ ओढली.

सिंधुबाईनं कपाळावर हात मारला. "भजी आना आता," ती म्हणाली. "परत फशिवलं सरकारला."

वैजनाथनं कासरा सैल केला. जोडी पाण्यात उतरली. पुलाचं सिमेंटचं कपाळ जवळ येऊ लागलं, आणि किशनराव अजून ताठ बसून मागं वळून ओरडत होते.

"बापू," वैजनाथ पुढं बघतच म्हणाला, "वाका. पूल आला."

आणि चार पिढ्यांच्या मानाचे किशनराव मुकाट केळीच्या घडांवर आडवे झाले.