नुरोंगीच्या आंबोणाची काहील

मी एक काहील बोलतेय. बिडाची, दोन माणसांनी मिळून उचलावी अशी, आणि सध्या उलटी. गोठ्याच्या मागच्या भिंतीशी मला पालथी घालून ठेवलं आहे. पालथ्या भांड्याचं बोलणं कुणी फारसं मनावर घेत नाही, हे मला ठाऊक आहे. पण माणसं भांडं पालथं घालतात ते त्यात पाणी साचू नये म्हणून. त्यानं बोलू नये, असा काही त्यात हेतू नसतो.

आम्ही दोघी बहिणी एकाच साच्यातून निघालो. पे मानबोक नावाच्या एका तरण्या शेतकऱ्याचं नुकतंच लग्न झालं होतं. त्यानं पाठीवरच्या लाकडी चौकटीला बांधून, दोन खेपा करून, आम्हाला डोंगरातल्या सोलगोल गावी नेलं. बहीण स्वयंपाकघरातल्या चुलीवर बसली. मी बाहेरच्या, त्याच्या बैठकीच्या खोलीला लागून असलेल्या चुलीवर. तिच्यात माणसांचा भात, माझ्यात गाईचं आंबोण.

मला वाईट वाटलं. पण आठवडाभरातच कळलं की त्या घरात सकाळी आधी गाय जेवते आणि मग माणसं. मानबोक पहाटे उठून आधी माझ्याखाली जाळ घालायचा. बहिणीचं झाकण त्यानंतर तासाभरानं उघडायचं. मी हे तिला कधी बोलून दाखवलं नाही. वाफेवरून तिला कळत असावं.

आंबोणाची कृती सोपी होती, म्हणूनच ती सगळ्यांना जमत नसे. बोटभर लांबीचा कापलेला भाताचा पेंढा, सोयाबीनच्या शेंगांची टरफलं, दोन ओंजळी तांदळाचा कोंडा, वाळलेला मुळ्याचा पाला आणि तांदळाचं धुवण. शिवाय घरातली खरकटी भांडी विसळलेलं पाणी, कारण त्यात भाताची शितं असत आणि थोडं मीठही. नांगरणीच्या आधी किंवा गाय गाभण असली की मूठभर अख्खे सोयाबीन. कोरडा पेंढा गाय खाते, पण बर्फाच्या दिवसांत नुसत्या पेंढ्यावर अंग धरत नाही. शिजून मऊ झालेलं, ऊन ऊन पोटात गेलं की तिच्या पाठीवरचे उभे केस खाली बसत. मी ते रोज बघत असे.

माझ्या चुलीचा धूर सरळ वर जात नसे. तो मानबोकच्या खोलीच्या जमिनीखालून फिरून पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडे. एका मोळीत गाईचं पोट आणि मानबोकची पाठ, दोन्ही शेकून निघत. आमच्यात याला काटकसर म्हणत. मला विचाराल तर ती सोयरीक होती.

आता त्या हिवाळ्याचं सांगते. गावात वीज येऊन वर्ष झालं होतं. मानबोक साठीला आला होता, बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात मुलगा सांगगू, आणि आदल्या वर्षी आलेली सून जोमसून. गोठ्यात एकच गाय, नुरोंगी. नावाचा अर्थ पिवळी. आमच्याकडे निम्म्या गाईंचं नाव हेच असतं. उरलेल्या निम्म्यांना नावच नसतं.

नुरोंगी दोन वर्षं भाकड गेली होती. आता गाभण होती, पण सांगगूचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता. तो तालुक्याला जाऊन पशुपालनाचं शिबिर करून आला होता आणि सोबत एक पुस्तिका घेऊन आला होता.

"बाबा, या पेंढ्यात असतं काय? पेंढ्यात पेंढा असतो," तो म्हणाला. "प्रथिनं नाहीत, चुना नाही. पोत्यातलं खाद्य घातलं तर वासरू दीड वर्षात उभं राहतं."

"तुझ्या आईनं तुला काय प्रथिनं मोजून वाढवलं?"

"म्हणूनच तर माझी उंची ही अशी राहिली."

मानबोकला हसू आलं, पण त्यानं ते खोकल्यात घालवलं. मग सांगगू जरा गंभीर होऊन म्हणाला, "या खेपेला वासरू टिकलं तर राहू दे तिला. नाही टिकलं, तर वसंतात तिला बाजारात न्यायची. दोन तरण्या कालवडी घेऊ. ठरलं?"

म्हाताऱ्यानं माझ्याखालचा जाळ सारला. "ठरलं," तो म्हणाला. बायकोच्या हातची, तिनंच वाढवलेली ती शेवटची गाय होती.

त्याच सुमाराला जोमसूनची बहीण राजधानीतून, सोलहून आली आणि भेट म्हणून एक बाटली ठेवून गेली. पिवळा, दाट द्राव. दोन थेंबांत भांडी लख्ख. शहरात म्हणे लोक भाज्या आणि फळंसुद्धा त्यानं धुतात. जोमसूननं त्या दिवशी माझ्या बहिणीला असं चमकवलं की बहीण आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. आणि भांडी विसळलेलं पाणी, नेहमीच्या सवयीनं, नेहमीच्या बादलीतून, नेहमीप्रमाणे माझ्यात आलं.

मला पहिल्याच उकळीला कळलं. असा फेस मी जन्मात धरला नव्हता. जोमसूनला वाटलं, कोंडा जास्त झाला.

नुरोंगीनं गव्हाणीत नाक घातलं, फुस्स केलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. दुपारचा कोरडा पेंढा ती जिभेनं ओढून ओढून खाई, पण आंबोणाला तोंड लावीना. पाचव्या दिवशी तिच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. पोटात वासरू आणि बाहेर बर्फ.

उपाय सुचवायला गाव कमी पडलं नाही. शेजारचा चिलसोंग रोज सकाळी फाटकाशी येऊन उभा राहायचा. त्याच्या स्वतःच्या गोठ्यात गाय नव्हती, त्यामुळे त्याला वेळही होता आणि ज्ञानही.

"दादा, म्हातारी झाली ती. दात बघितलेस का?"

"तुझे बघ आधी," मानबोक म्हणाला.

त्यानं तिला सोयाबीनची आंबवलेली चटणी पाण्यात कालवून पाजली, तांदळाची दारू पाजली, पोट चोळलं. जोमसून बिचारी आंबोण जास्त वेळ शिजवू लागली आणि भांडी आणखी स्वच्छ घासू लागली. अस्वच्छतेनं काही झालं असेल तर ते व्हायला नको म्हणून. मी तडतडले, उतू गेले, एकदा तर चूल विझवली. काहिलीला याहून जास्त बोलता येत नाही.

मग वर्षाची पहिली पौर्णिमा आली. त्या दिवशी आमच्यात कुत्र्याला उपास आणि गाईला ताट. सुपात एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला उकडलेल्या भाज्या. गाय आधी भाताला तोंड लावेल तर पीक उत्तम, भाजीला लावेल तर वर्ष ओढीचं. मानबोकनं सूप धरलं. पिकाची चिंता त्या दिवशी एकट्या चिलसोंगला होती.

नुरोंगीनं भात आणि भाजी एका घासात ओढली. मग सूप चाटलं. मग सुपाचा काठ दातात धरून चावायला लागली.

"हे आता कसलं लक्षण?" चिलसोंग म्हणाला. "भात की भाजी?"

"भूक," मानबोक म्हणाला. "हे भुकेचं लक्षण आहे."

तो सुपाचा तुकडा तिच्या तोंडातून सोडवून सरळ माझ्याकडे आला. झाकण काढलं, आत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मागे जोमसून बादली घेऊन उभी होती. बादलीच्या काठाशी पांढरा फेस होता. म्हाताऱ्यानं थुंकून टाकलं, फेसाकडे पाहिलं, मग सुनेकडे. तिला त्याच क्षणी कळलं. बादली तिनं खाली ठेवली नाही, ती तिच्या हातातून खाली गेली.

"काय झालं रे?" फाटकातून चिलसोंगनं विचारलं.

मानबोक वळला आणि मला बोट दाखवून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "काहील गंजलीय. बुडापासून गंजलीय. आंबोणाला लोखंडाची चव येते."

मी गंजलेले नव्हते. रोज उकळणाऱ्या, रोज खरवडल्या जाणाऱ्या काहिलीला गंजायला फुरसत कुठली? पण मी गप्प राहिले. नव्या सुनेमुळे गाय उपाशी राहिली, उद्या वासरू गेलं, तर त्या सुनेचं नाव आमच्या गावात चाळीस वर्षं निघालं असतं. काहिलीच्या नावानं कोण किती दिवस बोलणार?

चिलसोंग बातमी घेऊन घाईनं गेला. मग म्हातारा खालच्या आवाजात म्हणाला, "पोरी, ती बाटली माणसांच्या भांड्यांना ठेव. गाईची बादली निराळी."

"मामंजी, मी मुद्दाम..."

"पेंढा आण मूठभर. घासायला. गंजलीय ना ती."

जोमसूननं मला सकाळभर घासलं. रडत रडत. चार थेंब आत पडले ते मी ठेवून घेतले. गाईला मीठ लागतंच.

संध्याकाळी नवं आंबोण शिजलं. मानबोकनं गव्हाण गरम पाण्यानं धुऊन त्यात पहिला डाव घातला आणि बाजूला बसून राहिला. नुरोंगीनं नाक घातलं. फुस्स केलं नाही. खाण्याचा तो आवाज, ओल्या पेंढ्याचा, टरफलांचा आणि लांब श्वासांचा, मला आजही पालथी असताना ऐकू येतो. तेवढ्यात सांगगू घरी आला, दारात उभा राहून त्यानं ऐकलं, आणि आत न येता लाकडं फोडायला गेला. फोडलेली लाकडं चार दिवसांना पुरली.

वासरू वर्षाच्या चौथ्या महिन्यात झालं, आणि टिकलं. नुरोंगी राहिली.

पोत्यातलं खाद्यही आलंच, आणि खोटं का बोलू, सांगगूचं बरोबर होतं. पोत्यावरची वासरं भराभर वाढली, रोगाला कमी बळी पडली, त्यांची हाडं चांगली झाली. गोठा वाढला. दहा जनावरं पोत्यावर आणि एकटी नुरोंगी माझ्यावर, अशी आठ वर्षं गेली. तिनं आणखी तीन वासरं दिली आणि एका थंडीत, पोट भरलेलं असताना, झोपली ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे जोमसून सवयीनं माझ्यापाशी आली आणि हातात पेंढा घेऊन उभी राहिली. मानबोकनं आतून हाक दिली, "पाणीच उकळ पोरी. पाठ तरी शेकेल."

त्या हिवाळाभर मी नुसतं पाणी उकळलं. गाईसाठी नाही, म्हाताऱ्याच्या पाठीसाठी. वाफ गोठ्यातल्या नुरोंगीच्या रिकाम्या जागेकडे जाई आणि परत येई. पुढच्या पानगळीत म्हातारा गेला, त्याच्या खोलीला तेलाचा बॉयलर बसला, आणि मला पालथी घातलं.

गेल्या महिन्यात तालुक्याच्या एका खाणावळीचा माणूस आला होता. मला दारात ठेवून माझ्यात कमळं लावायची त्याची कल्पना. सांगगूच्या मुलानं जवळजवळ होकार दिला होता. तेवढ्यात काठी टेकत जोमसून आली. ती आता सत्तरीची आहे.

"ती द्यायची नाही," ती म्हणाली.

"आई, तूच तर सांगतेस, बुडापासून गंजलेली आहे म्हणून. ठेवून काय करायचं?"

जोमसून म्हणाली, "ती कधीच गंजलेली नव्हती. मामंजींनी..." तिनं काठी माझ्या काठाला टेकवली. "माझा दोष तिनं घेतलाय. इतकी वर्षं घेऊन बसलीय. ती इथंच राहील."

तो माणूस गेल्यावर तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला. पाठीला आता खरंच गंज आहे, तिच्या तळव्याला लाल लागला. तिनं तो पुसला नाही.

तुम्ही गुरं पाळत असाल तर पोती खुशाल आणा, पोत्यांशी माझं वैर नाही. पण पोत्यात बोट बुडवून जिभेला लावणारा माणूसही घरात असू द्या. आणि जोमसूनला कुणी माझा एवढा निरोप द्या. तिनं खंत करू नये. आणखी एखादा आळ घ्यायचा असेल तर तोही मी घेईन. फक्त एकदा मला सुलटी करून खाली जाळ घाला.