शोचं झाड

“माझं झाड कुठं गेलं?”

बयाबाईंनी हे खिडकीलाच विचारलं, कारण जिन्याच्या त्या वळणावर दुसरं कुणी नव्हतं. पूर्वेच्या खिडकीत जिथं त्यांच्या क्रोटनची कुंडी असायची, तिथं आता नुसता ओला गोल डाग होता. खाली सभागृहात एका दूध संस्थेचा वर्धापनदिन सुरू होत होता. सनई वाजत होती, खुर्च्या सरकत होत्या. बयाबाई हातातला झाडू कोपऱ्यात ठेवून तशाच खाली उतरल्या.

भिंतीजवळ मोहसीन माइकची बटणं सारखी करत बसला होता. सभागृहातला हा एकच माणूस असा, की ज्याला बयाबाईंनी काही विचारण्याआधी कळायचं. त्यानं हनुवटीनं स्टेज दाखवलं.

टेबलावर शाल होती, फेटा होता, नारळ होता आणि त्यांच्याशेजारी बयाबाईंचं क्रोटन. कुंडीला सोनेरी कागद गुंडाळलेला, वर लाल रिबिनीचं फूल.

हल्ली हारतुरे मागे पडले आहेत. पाहुण्यांना रोप देऊन सत्कार करायची पद्धत आली आहे. विचार चांगलाच आहे. पाहुणे रोप हातात घेतात, फोटो निघतो, रोप टेबलाखाली जातं, पाहुणे जेवायला जातात आणि गाडीत बसताना रोपाची आठवण कुणालाच होत नाही. सकाळी ते झाडणाऱ्या बाईला सापडतं. राजारामपुरीतल्या या सभागृहाची झाडणारी बाई म्हणजे बयाबाई. अशी सापडलेली रोपं त्यांनी मागच्या भिंतीला ओळीनं लावली होती. पर्यावरणाचं जे काही भलं या सभागृहात झालं, ते भाषणं संपल्यावरच झालं.

क्रोटनही असंच आलेलं. कुणाच्या सत्काराचं ते कुणालाच आठवत नव्हतं. घडीच्या खुर्च्यांच्या थप्पीखाली सापडलं तेव्हा खोड मधून मोडलेलं आणि शेंड्याला तीन पानं. बयाबाईंचा नवरा जोतीराम तिथंच वॉचमन होता. तो म्हणाला होता, “शोचं झाड त्ये. शो झाला, झाड सपलं. टाक जा उकिरड्याव.”

बयाबाईंनी टाकलं नाही. जुन्या लुगड्याच्या काठानं खोडाला कामटी बांधली आणि तेलाच्या डब्यात रोप लावलं. ते जगलं, पण सभागृहाच्या आतल्या अंधाऱ्या पडवीत माठाच्या भाजीसारखं हिरवंगार राहिलं. मग त्यांनी ते एकदम न हलवता थोडं थोडं उजेडाकडं सरकवत नेलं आणि शेवटी कुंडीत लावून त्या खिडकीत बसवलं. तिथं त्याला रंग चढले. एका पानावर हळद, एकावर गुलाल, एकावर दोन्ही कालवलेले. पानांवर कीड पडली तेव्हा जोतीरामच्याच चंचीतली तंबाखू भिजवून त्यांनी ते पाणी मारलं, आणि तो दिवसभर तंबाखू शोधत बसला.

त्याच पावसाळ्यात जोतीराम गेला. नवरा गेला आणि झाड राहिलं, याचा अर्थ लावत बसायला बयाबाईंना सवड नव्हती. पण त्यानंतर रोज सकाळी कुलूप उघडलं की त्या आधी क्रोटनची पानं पुसत आणि मग कामाला लागत. त्यांना ते झाड आवडायचं. माणूस आवडतो, तसंच.

“राजवर्धन सायेब, माझं झाड द्या,” बयाबाई स्टेजजवळ जाऊन म्हणाल्या.

राजवर्धन सभागृहाचा मॅनेजर, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सभागृहाचे अध्यक्ष विजयसिंह यांचा पुतण्या. अंगात ब्लेझर, दोन्ही हातांत दोन फोन.

“बयाबाई, नर्सरीचा टेम्पो आलाच न्हाय. पावणं दारात हुबं हाइत. काय करू? उद्या एक सोडून दोन आणून देतो.”

“दोन नकोत मला. हे माझं हाय.”

“तुमचं कसं? हॉलमदीच सापडलेलं न्हवं का? हॉलमदी सापडलं म्हंजे हॉलचं.”

“मोडलेलं सापडलतं तवा न्हवतं व्हय हॉलचं?”

पण तोवर पाहुणे आत आले होते आणि राजवर्धन तिकडं पळाला.

मोहसीननं त्यांना बाजूच्या खुर्चीवर बसवलं. “मावशी, जरा दमानं घ्या. आजवर कुणी झाड नेलंय का? ह्ये पण इसरूनच जाणार. कारेक्रम झाला की उचला टेबलाखालनं. वर आनी वाद न्हाय.”

खरं होतं त्याचं. शहाणपण तेच होतं. बयाबाई बसल्या. चालू कार्यक्रमात त्या खुर्चीवर कधी बसल्या नव्हत्या, त्यामुळं हात कुठं ठेवायचे ते कळेना.

पाहुणे पुण्याचे, वयस्कर, बोलायला मऊ. त्यांना फेटा बांधला, शाल घातली आणि क्रोटन हातात दिलं. अध्यक्ष विजयसिंह कुंडीला एक हात लावून कॅमेऱ्याकडं बघत उभे राहिले. टाळ्या झाल्या. क्रोटन टेबलावर गेलं.

लोक विसरतील ते आपलं, हा बयाबाईंचा आयुष्यभराचा हिशोब होता. छत्र्या, डब्यांची झाकणं, शालींच्या पिशव्या, अर्धे नारळ. त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नव्हता. पण हे झाड कुणी विसरलेलं नव्हतं. ते डोळ्यांदेखत उचलून नेलं होतं. आता कार्यक्रम संपायची वाट बघायची आणि टेबलाखाली वाकून ते उचलायचं, म्हणजे राजवर्धनचंच खरं. झाड हॉलचं, आणि आपण सापडलेलं उचलणारी बाई.

बयाबाई उठल्या आणि मधल्या वाटेनं सरळ स्टेजकडं निघाल्या. सूत्रसंचालकाला वाटलं, पाणी द्यायला आल्या. तो बाजूला झाला.

“पावणं,” त्या म्हणाल्या, “ह्ये झाड माझं हाय.”

पाहुण्यांसमोरचा माइक चालू होता. वाक्य सगळ्या सभागृहात गेलं. खालून राजवर्धन मोहसीनला हातवारे करून माइक बंद करायला सांगत होता, आणि एरवी सुई पडलेली ऐकू येणाऱ्या मोहसीनला नेमकं तेव्हाच काही कळेनासं झालं.

“अहो, मला कल्पना नव्हती,” पाहुणे गडबडून म्हणाले. “चुकून दिलं असेल. घ्या ना, घ्या.”

“चुकून न्हाय. इचारल्याबिगर दिलंय. तुमचा त्येच्यात काय दोष न्हाय, वाईट वाटून घिऊ नगा. मला इचारलं असतं तर एखाद्या वक्ती मीच दिलं असतं.”

“बयाबाई, खाली उतरा,” विजयसिंह ओठ न हलवता म्हणाले.

“उतरतीय की.”

त्यांनी आधी रिबीन सोडली. मग सोनेरी कागद काढला, त्याची नीट घडी घातली, रिबीन त्यावर ठेवली आणि सगळं नारळाशेजारी सरकवलं. “ह्ये तुमचं.” कुंडी कमरेवर घेतली आणि पायऱ्या उतरल्या. मागच्या रांगेतला एक म्हातारा दूध उत्पादक शेजाऱ्याला सांगायचं म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “बरूबर हाय की बाईचं.”

दारात राजवर्धन होता. “उद्यापास्न येऊ नका.”

“बरं. झाडू हॉलचा हाय, जिन्याच्या कोपऱ्यात ठिवलाय. बगून घ्या.”

भर दुपारी, रस्त्याच्या कडेनं, कुंडी या कमरेवरून त्या कमरेवर घेत बयाबाई यादवनगरातल्या आपल्या खोलीवर आल्या. वाटेत दोघांनी विचारलं, केवढ्याला घेतलं. त्यांनी किंमत सांगितली नाही.

खोलीला खिडकी नव्हती. उजेड यायचा तो दारातून, आणि तोही सकाळचा थोडा वेळ. कुंडी त्यांनी उंबऱ्याच्या आत ठेवली. दोन दिवस झाड बरं होतं. मग पानं गळायला लागली. पिवळी होऊन नव्हे, चांगली रंगीत पानंच हात लावला की खाली यायची. शेजारची सलमा डोकावून म्हणाली, “मावशी, ह्ये मेलं की हो.”

“मेलं न्हाय. जागा हालली की रुसतंय त्ये. पानं टाकतंय.”

असं म्हणाल्या खऱ्या, पण भीती त्यांनाही होती. पाणी जास्त झालं का म्हणून माती बोटानं उकरून बघत. दोन घरची भांडी धरली होती, तिथंही हात फेसात आणि जीव उंबऱ्याशी असायचा.

शेंड्याला चारच पानं उरली तेव्हा मोहसीन आला. चहा होईपर्यंत त्यानं इकडचं तिकडचं सांगितलं. दोन बाया कामाला आल्या आणि गेल्या. मागच्या भिंतीची रोपं वाळली. मग म्हणाला, “अध्यक्ष म्हणत्यात, राजवर्धनला एकदा सॉरी म्हणा आनी परत या. झाड पण आणा. खिडकी मोकळीच हाय.”

ती खिडकी बयाबाईंना पाठ होती. सकाळी ऊन कुठं पडतं आणि कुठवर सरकतं, सगळं. झाडाला तीच हवी होती, आणि पगारही हवाच होता. त्यांनी उघड्या पडलेल्या खोडाकडं पाहिलं. मोडलेल्या जागेची गाठ आता लांबूनही दिसत होती.

“सारखं हालवलं तर खरंच मरंल त्ये,” त्या म्हणाल्या. “आनी सॉरी कुणी म्हणायचं, त्ये त्येस्नी सांग. घर ठावं नसलं तर वाट दाव.”

“आवो, पण मावशी, हितं ऊन कुठं हाय?”

बयाबाई उठल्या. दाराचा पडदा त्यांनी दोरीसकट काढला. उंबऱ्याजवळची आपली खाट ओढत ओढत आतल्या अंधाऱ्या भिंतीला नेऊन लावली आणि रिकाम्या झालेल्या जागी कुंडी अशी ठेवली, की दारातून येणारी सगळी तिरीप तिच्यावरच पडावी. आता गल्लीतून जाणाऱ्या-येणाऱ्याला आतला संसार भांड्याकुंड्यांसकट दिसत होता. दिसेना का.

मोहसीन कप ठेवून निघाला. बयाबाईंनी गळलेली पानं वेचून कुंडीतल्या मातीवर पसरली, पदराचं टोक ओलं केलं आणि राहिलेली चार पानं एकेक करून दोन्ही बाजूंनी पुसली. कामाला जायची वेळ झाली होती. सलमाला लक्ष ठेवायला सांगून त्या बाहेर पडल्या आणि दार तसंच उघडं ठेवलं.